साखर गेली, मग आले काय?

वडोदऱ्याच्या वाडीत रंगमहालाच्या आसपास कुठल्याही किराणा दुकानात गल्ल्याशेजारी पुड्यांच्या माळा लटकलेल्या असतात. शेवेच्या, वेफरच्या, पाच रुपयांच्या जेलीच्या. त्यांच्या शेजारी अलीकडे उभी राहणारी, तोंडाला झिप असलेली चकचकीत पाकिटे आली आहेत. आत अस्वले, तारे, संत्र्याच्या फोडी, सगळे रबरासारखे मऊ. मुलांच्या भाषेत गमी. पाकिटाच्या तोंडावर ठळक अक्षरांत 'लो शुगर', आणि भाव साध्या जेलीच्या कितीतरी पट. दुकानदार वर हमी देतो, "भाभी, आमां खांड ओछी छे, बाबाने रोज आपो तोय वांधो नही." म्हणजे यात साखर कमी आहे, बाबाला रोज दिले तरी हरकत नाही.

या वाक्याचा पहिला अर्धा भाग बहुधा खरा असतो. दुसरा अर्धा पाकिटावर कुठेच लिहिलेला नसतो, तो ऐकणाऱ्याच्या मनात आपोआप तयार होतो. आमची तक्रार आहे ती या दुसऱ्या अर्ध्याविषयी.

आधी कायदा पाहू. अन्नपदार्थांच्या जाहिराती आणि दाव्यांबाबतचे केंद्राचे नियम २०१८ सालचे आहेत. घन पदार्थावर 'लो शुगर' लिहायचे तर १०० ग्रॅममागे साखर ५ ग्रॅमच्या वर चालत नाही, 'शुगर फ्री' लिहायचे तर अर्ध्या ग्रॅमच्या वर नाही. हे कडक आहे आणि चांगलेही आहे. पण दुकानात 'लो' बरोबर 'लेस' आणि 'रिड्यूस्ड'ही नांदतात, आणि घाईत पाहणाऱ्याला ती सगळी सख्खी भावंडे वाटतात. ती तशी नाहीत. 'लेस' हा तुलनेचा दावा आहे. ज्या मालाशी तुलना केली त्याच्यापेक्षा किमान २५ टक्के कमी असले की काम झाले. जर्मनीत बॉन शहरात १९२० साली सुरू झालेल्या हरिबो कंपनीची सोनेरी अस्वले हा जगभर गमीचा नमुना मानला जातो. त्यांत १०० ग्रॅममागे ४६ ग्रॅम साखर असते. त्यातली पाव काढली तरी साडेचौतीस ग्रॅम उरते. म्हणजे 'लेस शुगर' असे खरेखुरे, कायदेशीर लिहिलेल्या पाकिटाचा तिसरा हिस्सा साखर असू शकतो.

तिसरा दावा 'नो ॲडेड शुगर'. याबाबत नियम फार शहाणपणाने लिहिला आहे. वरून साखर घालायची नाही एवढेच त्यात नाही, तर साखरेच्या जागी तेच काम करणारे पदार्थ, म्हणजे फळांच्या रसाचा आटवलेला अर्क किंवा सुक्या फळांचा लगदा, हेही घालायचे नाहीत. तेव्हा समोर 'नो ॲडेड शुगर' आणि मागे खजुराचा लगदा किंवा सफरचंदाच्या रसाचा अर्क अशी जोडी दिसली, तर तक्रारीला जागा आहे हे गिऱ्हाइकाने ओळखावे. गुळाचे तर बोलायलाच नको. मराठी घरात गुळाला साखरेच्या वरचा पाट मिळतो आणि 'गुळाची गमी' म्हटले की आईचा जीव भांड्यात पडतो. गुळाला चव आहे, रंग आहे, थोडी खनिजे आहेत, पण त्याचा बहुतांश भाग साखरच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये जी मर्यादा सांगितली, ती वरून घातलेल्या सगळ्याच गोडाला लागू होते. त्यात मधही आला, पाकही आला आणि फळांचा रसही आला.

आता खऱ्या 'लो शुगर'कडे, ज्यात साखर खरोखर पाच ग्रॅमच्या आत आहे. इथे प्रश्न सोपा होण्याऐवजी वाढतो. चहातली साखर काढली की चहा फिका होतो, पण चहाच राहतो. गमीतली साखर काढली की गमीच उरत नाही. ज्यांनी घरी पेरूची जेली केली आहे त्यांना हे सांगायला नको. पेरूच्या काढ्यात पेक्टिन असते, पण नुसता काढा कितीही उकळला तरी तो थरथरत उभा राहत नाही. त्यात लिंबू पिळावे लागते आणि मनसोक्त साखर घालावी लागते. साधे पेक्टिन आंबट आणि दाट पाकातच धरते. पाकातला विरघळलेला घन भाग ५५ टक्क्यांच्या खाली गेला की जेली बसत नाही, ओघळते. कारखान्यातही हेच रसायन चालते. पाश्चात्त्य गमी जनावरांच्या कातडी-हाडांपासून काढलेल्या जिलेटिनवर उभी असते. आपल्याकडे, त्यातही वडोदऱ्यात, पाकिटावर हिरवा ठिपका नसेल तर निम्मे गिऱ्हाईक पुढे सरकते. म्हणून इथे पेक्टिन किंवा स्टार्च. कॅल्शियमच्या मदतीने कमी साखरेत धरणारे वेगळ्या जातीचे पेक्टिन मिळते, नाही असे नाही. पण चावताना जो दाटपणा लागतो, जे वजन हातात लागते, त्यासाठी साखरेच्या जागी काहीतरी भरावेच लागते. शंभर ग्रॅमच्या पाकिटातून चाळीस-पंचेचाळीस ग्रॅम साखर गेली, तर तेवढी जागा हवेने भरत नाहीत.

ती कशाने भरली हे मागच्या यादीत असते. माल्टिटॉल सिरप, सॉर्बिटॉल, पॉलिडेक्स्ट्रोज, इन्युलिन, माल्टोडेक्स्ट्रिन. नावे रसायनशास्त्राच्या पेपरातली असली तरी सगळ्यांना एकाच काठीने हाकणे बरोबर नाही.

माल्टोडेक्स्ट्रिनपासून सुरुवात करू, कारण तिथे गंमत सगळ्यात जास्त आहे. हा स्टार्च अर्धवट तोडून केलेला पांढरा भुगा. चव जवळजवळ नाही. साखरेच्या व्याख्येत बसत नाही, म्हणून तक्त्यातल्या 'एकूण साखर' या ओळीत तो येत नाही. पण पोटात गेला की त्याचे ग्लुकोज होते, तेही साखरेइतक्याच किंवा तिच्याहून अधिक वेगाने. साखरेची ओळ २ ग्रॅम दाखवते, आणि रक्तातली साखर मात्र पाकीट न वाचता आपली वर जाते. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. वाडीत, दांडिया बाजारात, मांडवीच्या पोळांत मधुमेहाचे घर कुठले हे विचारण्यापेक्षा मधुमेह नसलेले घर कुठले हे विचारावे अशी वेळ आली आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीने मधुमेहींचा आकडा १० कोटींच्या वर नेला, आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्यांचा १३ कोटींच्या वर. अशा घरातले आजोबा 'शुगरलेस आहे ना' म्हणून नातवाच्या पाकिटात हात घालतात, तेव्हा त्यांनी साखरेची ओळ पाहून भागत नाही. 'कार्बोहायड्रेट' ही वरची ओळ पाहावी लागते.

माल्टिटॉल, सॉर्बिटॉल ही दुसरी जात. यांना पॉलिओल म्हणतात. यांची बाजूही नीट मांडली पाहिजे, कारण ती खोटी नाही. साखरेच्या एका ग्रॅमला ४ किलोकॅलरी, माल्टिटॉलच्या ग्रॅमला सुमारे २.१ ते २.४. रक्तातली साखर ते कमी वाढवतात, अजिबात वाढवत नाहीत असे मात्र नाही. तोंडातल्या जंतूंना ते फारसे पचत नाहीत, म्हणून दात किडण्याचा धोका खरोखर कमी होतो. एवढा फायदा मान्य करायला आम्हाला जड जात नाही. अडचण आहे ती आतड्यात. पॉलिओल पूर्ण शोषले जात नाहीत. उरलेले मोठ्या आतड्यात जाऊन पाणी ओढतात आणि तिथल्या जंतूंना मेजवानी देतात. पोट फुगते, गुडगुडते आणि शेवटी मोकळे होते. हरिबोनेच एकदा माल्टिटॉलची बिनसाखरेची अस्वले काढली होती. त्यांच्यावर अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांनी जे अनुभव लिहिले ते जगभर हसत वाचले गेले, आणि ज्यांनी लिहिले ते लिहिताना हसत नव्हते. आपल्या नियमांतही यावर सूचना आहे. पॉलिओलमुळे जुलाब होऊ शकतात, असे पाकिटावर छापावे लागते. ते छापलेले असते. कुठे? ते शोधायला भिंग लागते. शिवाय मोठ्या माणसाला जितक्याने काही होत नाही तितके पंधरा किलोच्या पोराला पुरते, आणि ज्या पाकिटावर 'रोज दिले तरी चालेल' अशी समजूत चिकटली आहे त्यातून पोर दोनच गमी खाऊन थांबेल, हे कुठल्याही आईने सांगावे.

पॉलिडेक्स्ट्रोज आणि इन्युलिन हे तंतू म्हणून खपतात. त्यांत फार वाईट काही नाही, फार चांगलेही नाही. तंतू हवे असतील तर पेरू आहेच.

दाताचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट राहते. साखर काढली तरी गमीचा आंबटपणा कुणी काढत नाही, कारण संत्र्याची फोड आंबट लागली नाही तर मुले ती थुंकतात. तो आंबटपणा सायट्रिक आम्लाचा. दाताचे कवच साधारण ५.५ पीएचच्या खाली विरघळू लागते, आणि आंबट गमी त्याच्या पुष्कळ खाली असते. वर ती चिकट. पेपरमिंट विरघळून जाते, गमी दाढेच्या खाचेत बसून राहते. दात किडत नसेल, पण झिजतो.

मग प्रश्न उरतो, आरोग्याला बरी की नाही? कशापेक्षा, हे विचारल्याशिवाय याला उत्तर नाही. साध्या जेलीपेक्षा बरी, बहुधा. पण घरात ती जेलीच्या जागी आली नाही. ती आली डब्यातल्या छोट्या सुट्टीच्या खाऊच्या जागी, जिथे काल केळे, चणे-गूळ किंवा खाखऱ्याचा तुकडा होता. जेलीला घरात वेळ ठरलेली होती. पाहुणे आले, जत्रा झाली, परीक्षा संपली. 'लो शुगर'ने ती वेळ उठवली.

वाडीतल्या मुलांना खरे तर साखरेची ओळख फार उघडपणे होत आली आहे. होळीच्या सुमारास इथे साखरेचे हारडे लटकतात, आणि ते उतरतात न उतरतात तोच पाडव्यासाठी त्याच दुकानांत साखरगाठ्या येतात. गुजराती आणि मराठी दोन्ही घरांची पोरे त्या गळ्यात घालतात आणि दुपारपर्यंत निम्म्या संपवतात. संक्रांतीचा हलवा तसाच, काट्यासकट साखर. त्यात गुण काय? काही नाही. पण त्या गाठीवर कुणी 'जीवनसत्त्व क युक्त' असे लिहीत नाही, आणि म्हणून ती कुणी रोज देत नाही. फसवणूक नसलेली साखर वर्षातून दोन-तीनदा येऊन गेली तर शरीर तिचा हिशेब लावते.

जीवनसत्त्वाचे नाव निघाले आहे, तर जरा थांबायला हवे, कारण आम्हाला सर्वांत जास्त खटकते ते इथे. गमीची दुसरी पलटण औषधाच्या दुकानातून येते. मुलांसाठी मल्टिव्हिटॅमिन, मोठ्यांसाठी केसांची, झोपेची. वडोदरे हे औषधांचे गाव. गज्जर, कोटीभास्कर आणि अमीन या मंडळींनी अलेम्बिक उभी केली १९०७ साली. पुढे साराभाईंचा कारखाना आला. या गावात दोन पिढ्यांनी औषधधंद्यावर पोट भरले, आणि कडू औषध पाकात घालून मुलाच्या गळी उतरवण्याची विद्या गावाला चांगली ठाऊक आहे. पण त्या बाटलीवर चमचा लिहिलेला असे आणि बाटली फळीवर उंच ठेवली जाई. आता उलट चालले आहे. गोळीला औषधाचे नाव देऊन ती मुलाच्या हाताच्या उंचीवर ठेवतात. मऊ ओलसर गमीत जीवनसत्त्वे टिकत नाहीत, म्हणून कारखाने मुदतीच्या शेवटी छापील आकडा भरावा यासाठी सुरुवातीला जास्तीचे घालतात. त्यात पोराने मूठभर खाल्ल्या, तर अ आणि ड ही चरबीत साठणारी जीवनसत्त्वे लघवीवाटे निघून जात नाहीत, अंगात साठतात.

आणि त्यात जे हवे ते नसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) गुजरातमधली सहा महिने ते पाच वर्षे वयाची ७९.७ टक्के मुले रक्ताने कमी निघाली. पाचातली चार. देशाची सरासरी ६७.१ होती, ती काही फार अभिमानाची नाही, पण गुजरात तिच्याही पुढे. या मुलांना प्रामुख्याने लोह हवे. आणि लोह गमीत घालणे कठीण, कारण त्याची चव धातूसारखी, तुरट, ओशट, कितीही संत्रे ओतले तरी झाकत नाही. म्हणून मुलांच्या बहुतेक गम्यांत लोह नसतेच, किंवा नावापुरते असते. क असते, ड असते, बी-१२ असते, बायोटिन असते. आई समजते पोराला 'ताकद' मिळते आहे. अंगणवाडीत लोहाचे औषध फुकट मिळते, ते काळे आहे, दात रंगवते, पोर तोंड वाकडे करते. त्याची जाहिरात कोण करणार?

दुसरी एक बारीक गोष्ट आकड्यांची. पाकिटामागे 'रोजच्या गरजेच्या इतके टक्के' अशी एक रांग असते. हे टक्के मोठ्या माणसाच्या २००० किलोकॅलरीच्या आहारावर काढलेले असतात आणि त्यात वरून घातलेल्या साखरेची मर्यादा ५० ग्रॅम धरलेली असते. पाकिटावर चित्र मात्र चार वर्षांच्या पोराचे. चार ते सहा वर्षांच्या मुलाची गरज आपल्याच पोषण संस्थेने सुमारे १३६० किलोकॅलरी सांगितली आहे. आरोग्य संघटनेच्या मर्यादेप्रमाणे त्याच्या दहा टक्के म्हणजे ३४ ग्रॅम साखर, आणि ती ज्याला अधिक बरे म्हणते ते पाच टक्के म्हणजे १७. पाकिटावर '१० टक्के' वाचून समाधान झाले असेल, तर त्या पोरासाठी तो आकडा १० नाही. पंधराच्या आसपास तरी आहे, आणि कडक माप लावले तर तीसच्या घरात जातो.

गोडी आणणाऱ्या कृत्रिम पदार्थांबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये सांगितले की वजन ताब्यात ठेवण्यासाठी त्यांचा आधार घेऊ नये. ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांना आणि पॉलिओलना ही शिफारस लागू नाही, हे सांगायला हवे. नाहीतर व्हॉट्सॲपवर 'शुगर फ्री म्हणजे विष' असा निरोप फिरतोच आहे. विष नाही. पण मुलाच्या जिभेला सगळे एवढ्याच गोडीचे असते अशी सवय लावली की पेरू त्याला फिका लागतो, आणि हे नुकसान कुठल्याच तक्त्यात येत नाही.

केंद्रीय बोर्डाने २०२५ मध्ये आपल्या शाळांना 'शुगर बोर्ड' लावायला सांगितले. कुठल्या पदार्थात किती साखर, हे मुलांच्या नजरेसमोर. चांगली गोष्ट. गुजरात बोर्डाच्या शाळांना तो आदेश बांधत नाही, तरी फळा आणि खडू त्यांच्याकडेही आहेत. फक्त त्या फळ्यावर एकच रकाना ठेवू नये. साखर शून्य लिहिलेले पाकीट तिथे पहिला नंबर पटकावेल आणि केळ्यात चौदा-पंधरा ग्रॅम साखर म्हणून केळे नापास होईल. पॉलिओल आणि माल्टोडेक्स्ट्रिनचा रकाना जोडावा.

आणि वडोदऱ्याला हे दिल्लीकडे पाहत बसण्याचे कारण नाही. राज्याची अन्न आणि औषध प्रयोगशाळा याच शहरात आहे. महाराजा सयाजीराव विद्यापीठात अन्न आणि पोषण विभाग आहे, तोही कित्येक पिढ्यांपासून. दोघांनी मिळून वाडी, मांडवी, रावपुऱ्यातल्या दुकानांतून मुलांच्या गमीची पंचवीस-तीस पाकिटे उचलावीत, साखर, पॉलिओल, माल्टोडेक्स्ट्रिन, आम्लता आणि जीवनसत्त्वे तपासावीत, आणि नावानिशी निकाल गुजराती आणि मराठीत छापावा. खर्च फार नाही. तोवर ज्या आजीला चष्म्याशिवाय पाकिटामागचे दिसत नाही, तिने दुकानदाराकडून तीन गोष्टी मोठ्याने वाचून घ्याव्यात. एकूण कार्बोहायड्रेट किती, पॉलिओल किती, आणि घटकांच्या यादीत पहिले नाव कोणाचे. दुकानदार अडखळला तर पाकीट परत माळेला लावावे.